सभासद क्रमांक सत्तेचाळीस

सोलापूर जिल्ह्यातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या आमच्या संघटनेची मी सोळा वर्षं चिटणीस. सभासदांची यादी ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर जुनं रजिस्टर घेऊन बसले. कुणाचं कॉलेज, कुणाचा विषय, कोण साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, सगळं भरलं. डोळ्यांच्या खाचा व्हायच्या तेवढ्या राहिल्या.

यादी सुरू झाली त्या सकाळी पहिल्यांदा मी माझंच नाव शोधलं. का नाही शोधणार? तर पडद्यावर आलं, 'सभासद आढळला नाही.' तडकलेच मी. यादीची वेबसाइट बनवणारा माझाच जुना विद्यार्थी, मोहोळचा. त्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझा क्रमांक विचारला. सत्तेचाळीस, मी ठणकावून सांगितलं. त्यानं यादीत तो क्रमांक काढून बघितला.

"मॅडम, सत्तेचाळीस सरांचा हाय. तुमीच दिवंगत म्हणून भरलाय."

पायाखालची जमीनच सरकली. रजिस्टर पुन्हा उघडलं. नवरा-बायको दोघं याच विषयातले असले की एकच अर्ज, एकच क्रमांक, ही आमच्याकडची जुनी पद्धत. नाव नवऱ्याचं, बायको नुसती 'व सौ.' हे जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या नावापुढं 'दिवंगत' मीच भरलं, भरताना रडलेही. त्याच ओळीत आपणही आहोत, हे डोक्यातच आलं नाही. पीएचडी माझी, सोळा वर्षं पत्रांवर सह्या माझ्या, आणि मी सभासदच नाही! कमाल आहे बाई. विद्यार्थी म्हणाला, नवा क्रमांक देतो, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यावर मी गप्प झालेही असते.

पण रजिस्टर समोर उघडंच होतं, आणि आणखी एक 'व सौ.' दिसलं. माळशिरसच्या बाई. माझ्याहून मोठ्या, उसाच्या रसावर काम केलेल्या. दर अधिवेशनात पहिल्या रांगेत बसून भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडायच्या. यजमान वारले आणि त्या यायच्या बंद झाल्या. नातवंडांत रमल्या असतील, असं मीच सगळ्यांना सांगत आले. आता बघते तर त्यांच्या ओळीवर लाल रेघ आणि शेजारी सही माझी. दहा वर्षांपूर्वीची. तेव्हापासून त्यांना निमंत्रणच गेलेलं नव्हतं.

माझी मलाच लाज वाटली. तिथल्या तिथं बाईंना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मला वाटलं, नवरा गेल्यावर बोलवत नसतील," त्या म्हणाल्या. "म्हणून कधी विचारलंच न्हाय. औंदाचं अधिवेशन कधी हाय?"