शुक्रवारचा होकार

समोरच्या फ्लॅटमधली खतिजा आठवडाभर नवऱ्याला काहीच विचारायची नाही. सगळं शुक्रवारसाठी राखून ठेवायची.

तिचे यजमान महमूदभाई इथे आखातात, बरक्या गावच्या एका मासळी कंपनीत गाडी चालवायचे. गुरुवारी दुपारनंतर बौशरला घरी यायचे, शनिवारी पहाटे परत. शुक्रवारी नमाज झाली की सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. पोट भरलं की महमूदभाई गादीवर आडवे व्हायचे आणि त्यांचे डोळे पुरते मिटायच्या आत खतिजा आपली कामं उरकून घ्यायची.

"शहनाजकडं मेहंदीला जाऊ?"

"हं."

"शिलाईची मशीन बदलू?"

"हं."

"नौशीनला पोहायला घालू?"

लेकीचा विषय निघाला की मात्र एक डोळा उघडायचा. "छे, मी आपली सहज बोलले," म्हणून ती पंखा वाढवायची आणि पुढच्या शुक्रवारी, सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा भरल्यावर, तोच प्रश्न पुन्हा टाकायची.

"सरळ का विचारत नाहीस गं?" मी एकदा म्हटलं.

"वैनी, सरळ विचारलं की सरळ 'नाय' येतं. आणि त्यांचं तरी काय चालतं? त्यांना अर्बाबला विचारावं लागतं."

ते खरंच होतं. महमूदभाईंचा पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात. रजा हवी, अर्बाबला विचारा. गावी जायचंय, अर्बाबला विचारा. आणि हा अर्बाब, दारातून तिरका होऊन आत येणारा धिप्पाड माणूस, गाडीच्या रंगापासून दुपारच्या जेवणापर्यंत सगळं आपल्या आईला विचारायचा.

"त्याची अम्मा कुणाला विचारते, तेवढं अजून कळलं नाय," खतिजा म्हणायची.

तिच्या आणि माझ्या व्हिसावर शिक्का एकच होता: नोकरी करण्यास मनाई. मी बी.ए., ती हर्णैच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. शिक्क्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ती बिल्डिंगभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची आणि त्याला 'मदत' म्हणायची. मजुरीला 'ईदी' म्हणायची, भर जूनमध्येसुद्धा.

सत्त्याण्णव साली आमची मुलं नववीत होती. शाळेत नाट्यस्पर्धा ठरली आणि प्रेमा टीचरनी मुलांच्या हाउससाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं इंग्रजी नाटक बसवलं: आधी इंग्रजांचा चहा समुद्रात, मग स्वातंत्र्याचा जाहीरनामा. आमचा अजिंक्य जाहीरनामा वाचणारा पुढारी झाला. खतिजाच्या नौशीनला मिळाली घरातली नोकराणी. ट्रे घेऊन यायचं, ट्रे घेऊन जायचं. संवाद शून्य.

त्या शुक्रवारी महमूदभाईंचे दोन्ही डोळे उघडले. "पोरगी स्टेजवर?"

"डोकीवर रुमाल हाय तिच्या. फक्त ट्रे न्यायचा."

"तोंड उघडायचं नाय ना?"

"बिलकूल नाय."

"मग हं."

नाटकाचे कोट अर्थातच खतिजाकडे शिवायला आले. एका दुपारी ती माझ्याकडे सॅटिनचा ढीग घेऊन टिपा घालत बसली होती आणि मी मुलांना त्या जाहीरनाम्याचा धडा समजावत होते. सर्व माणसं समान जन्माला येतात, असं त्या पुढाऱ्यांनी लिहिलं, वगैरे.

सुई थांबली. "सर्व म्हंजे सगळी?"

"तसं लिहिलंय."

"मग ती ट्रेवाली कोण?"

मी सांगितलं की नाटकात तिला नोकराणी म्हटलंय, पण खरं तर ती विकत घेतलेली. अशा लोकांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेलं. ते मालकाचे, त्यांची पोरंबाळंही मालकाची.

"आणि ह्यांचं वाचून झाल्यावर ती सुटली?"

"काही जण सुटले. बहुतेकांना पुढे ऐंशी-नव्वद वर्षं लागली."

"आणि ह्यांच्या बायका?"

"बायकांना जवळजवळ कुठेच मत देता येत नव्हतं. लग्न झालं की मिळकतसुद्धा नवऱ्याची."

"आणि तिथले आधीचे लोक?"

"त्यांच्या जमिनी गेल्या."

खतिजानं दातानं दोरा तोडला. "मग सुटला कोण?"

"अजिंक्य," नौशीन म्हणाली.

अजिंक्य तेव्हा मोरपिशी कोट घालून आरशासमोर उभा होता.

"एवढं मोठ्यानं वाचतात, आणि ही बाजूला ट्रे घेऊन उभी. हिच्या कानांत काय बोळे घातलेत? मला त्यात धरलंय की नाय, एवढं तरी विचारील की नाय माणूस?" खतिजानं कोट झटकला. "वैनी, माज्या पोरीला एक वाक्य पायजे. तुमी चला माज्याबरोबर."

प्रेमा टीचरना आम्ही शाळेच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्या म्हणाल्या, नाटक आठ मिनिटांचं आहे. मी म्हटलं, गुलाम लोकांनी त्या काळात खरोखरच अर्ज केले होते, तुमच्या स्वातंत्र्यात आम्हालाही धरा म्हणून. त्या म्हणाल्या, ते सिलॅबसमध्ये नाही. पण खतिजा जागची हलेना. शेवटी टीचरना दया आली आणि त्यांनी नौशीनला वाक्य दिलं: "युअर टी, सर."

खतिजाला इंग्रजी येत नसलं तरी 'टी' कळत होता. "टीचर, चाय तो पहले सीन में दरिया में फेंक दिया ना? अब ये किधर से लायी?"

टीचरनी स्क्रिप्टमधला पहिला सीन उलटून पाहिला. मग त्यांनी खोडून लिहिलं: "कॉफी, सर."

आता आधीचा होकार न बोलण्यावर मिळालेला होता, म्हणजे नवा घेणं आलं. त्या शुक्रवारी सोलकढीच्या तीन वाट्या झाल्या.

"दोनच शब्द हायत," खतिजा म्हणाली.

"कुठले?"

"कॉफी, सर."

महमूदभाईंनी विचार केला. "हे तर मीपण अर्बाबला रोज बोलतो. बोलू दे."

नाटक गुरुवारी होतं. लवकर सुटायला म्हणून महमूदभाईंनी अर्बाबला कारण सांगितलं. अर्बाबनं आईला विचारलं आणि तो स्वतःच यायला निघाला. येताना घरचा पितळी दल्ला, म्हणजे कॉफीची चोचवाली किटली, आणि चिमुकले कप घेऊन आला. दल्ल्यात आईनं केलेला खरा गरम कहवा.

पहिल्या रांगेत पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातला अर्बाब, शेजारी अर्ध्या खुर्चीवर टेकलेले महमूदभाई. मी आणि खतिजा त्यांच्या मागे. स्टेजवर अजिंक्यनं कागद उलगडून घोषणा सुरू केली. नौशीन आली. "कॉफी, सर." तिनं कप भरला. अजिंक्यनं पिऊन टाकला.

इथली रीत अशी की पुरे झालं की पाहुण्यानं रिकामा कप बोटांत हलवायचा. नाही हलवला, तर वाढणाऱ्यानं वाढत राहायचं. अजिंक्य कागदाच्या नादात विसरला. नौशीन इथेच लहानाची मोठी झालेली. तिनं पुन्हा भरला. त्यानं पुन्हा प्यायला. तिनं पुन्हा भरला. अर्बाब पहिल्या रांगेतून बोटं नाचवून त्याला 'हलव, हलव' अशा खुणा करायला लागला. लोक हसू लागले. घाबरून अजिंक्यनं कप जाहीरनाम्यानं झाकला, आणि कहवा स्वातंत्र्यावर सांडला.

नाटक थांबलं. पुढचं त्याला वाचताच येईना.

तेव्हा नौशीननं दल्ला खाली ठेवला आणि आईचा प्रश्न, ट्रेकडे बघत, स्वच्छ इंग्रजीत विचारला. "सर, तुम्ही वाचताय त्या सगळ्यांत मी आहे का?"

अजिंक्यनं ओल्या कागदाकडे पाहिलं. विंगेत टीचरकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "विचारून सांगतो."

पुढच्या रांगांमध्ये हशा उसळला. टीचरनी पडदा पाडला. खतिजा हसली नाही. तिनं माझं मनगट असं आवळलं होतं की बांगड्या रुतल्या.

"मुलगी काय म्हणाली?" अर्बाबनं महमूदभाईंना विचारलं. त्यांनी बुटांकडे बघत अरबीत सांगितलं.

"आणि तो?"

"विचारून सांगतो म्हणाला."

अर्बाब हसला, हसून हसून त्याची टोपी कलली. मग मधेच हसायचा थांबला. त्यानं महमूदभाईंकडे पाहिलं, टोपी सरळ केली आणि "यल्ला, चला" म्हणून उठला.

आमचं हाउस शेवटून पहिलं आलं. परीक्षकांचा शेरा होता: इतिहासाला सोडून.

परत येताना आम्ही महमूदभाईंच्याच गाडीत होतो. खतिजा पुढे ताठ बसली होती. वार गुरुवार, आणि त्यांच्या पोटात तोवर घासही गेलेला नव्हता.

"मी दोन शब्दांना हो बोललो होतो," महमूदभाई म्हणाले.

"हो."

"पुढल्या वर्षी स्टेज नाय."

"बरं."

"नाय म्हंजे नाय."

खतिजा खिडकीबाहेर बघू लागली. सिग्नलला गाडी थांबली. महमूदभाई मागे वळले, आता पोरीची खैर नाही असं मला वाटलं.

"आणि विचारायचंच होतं, तर तोंड ट्रेत घालून कशाला विचारलंस गो? मागची लोकं 'काय बोलली, काय बोलली' करत व्हती. एकालापण ऐकू गेलं नाय."