आमच्या उंदराला मिरगी यायची

धान पिकवणाऱ्याने उंदीर पाळणं म्हणजे चोराला घरजावई करून घेणं, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या घरात धानाने भरलेल्या दोन ढोल्या होत्या आणि त्यांच्यावर डल्ला मारणाऱ्या काळ्या उंदरांशी आमचं बाराही महिने भांडण चालायचं. तरी मी उंदीर पाळला. एकच, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. तेव्हा मी पंचविशीच्या आतली होते आणि हट्टी होते. पंचविशी गेली, हट्ट तेवढा राहिला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणायची. तिरोड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाचा तलाव सासरच्याच कुणा जुन्या पिढीने बांधलेला, त्यामुळे मामाजी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालायचे ते घरच्या ओसरीवर फिरावं तसे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझे यजमान गोंदियाच्या स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. ते शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस घरात मी आणि मामाजी. मामाजी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा बैलांशी.

माझं माहेर गोंदियाचं. तिथे सकाळी डोळे उघडले की हिंदी, मराठी, मारवाडी असा सगळा गलका कानावर पडायचा. त्यामुळे सासरची शांतता मला सुरुवातीला फार जड गेली. हे यजमानांना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. लढाईची वर्षं होती. त्यांच्या हपिसातल्या एका बंगाली बाबूची बदली झाली. त्याच्या बायकोने पांढरे उंदीर पाळले होते आणि ते सगळे काही तिला बरोबर नेता येत नव्हते. एका शनिवारी हे घरी आले ते हातात तारेचा पिंजरा घेऊन. मला म्हणाले, "घे, बोलायला कोणीतरी आणलं."

त्याला मी नाव ठेवलं नाही. नावं ठेवायला अख्खं गाव होतं.

पण तो होता मात्र गुणी. हातावर घेतला की मनगटावरून चढून खांद्यावर बसायचा आणि कानाची पाळी हुंगायचा. मी तांदूळ निवडायला बसले की सुपाच्या काठावर बसून एकेक दाणा दोन्ही हातांत धरून खायचा. आधी टोक कुरतडणार, मग बाकीचा. मी त्याच्याशी गोंदियाच्या हिंदीत बोलायची. तिथल्या बाजारात भाव करताना जशी बोलत असे, तशी. तोही ऐकायचा. निदान मान तरी वर करायचा.

मांजराच्या भीतीने पिंजरा मी माजघरात ठेवायची, देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीशी. तिथेच एके सकाळी तो पडला. मी स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आले तर पिंजऱ्यात एका कुशीवर आडवा, चारी पाय पळत असल्यासारखे झटकत होता, दात कटकट वाजत होते, तोंडाला फेस. पूजा करता करता मामाजी उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"उंदीर पडला," ते म्हणाले. "घराबाहेर हो पोरी. आधी बाहेर हो."

त्यांच्या तरुणपणी प्लेग आला होता, तेव्हा आधी घराघरांतून उंदीरच पडले होते. गाव शेतात झोपड्या बांधून राहिलं. झोपडीतच त्यांची आई गेली आणि पाठची बहीण गेली. हे मला नंतर यजमानांनी सांगितलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं, की साठीचा धिप्पाड माणूस मूठभर उंदराकडे बघून थरथरतो आहे. त्यांनी मला अंगणात काढलं, बैल सोडले, पांघरुणं बाहेर टाकली. शेजारीण धावत आली. अंथरुणं गाडीत भरणार, तेवढ्यात मी हळूच आत डोकावले. उंदीर उठून बसला होता आणि मिशा पुसत होता.

"मेला नाही," मी ओरडले. "मिरगी होती!"

मिरगी म्हटल्यावर शेजारणीच्या जिवात जीव आला. मिरगीचा इलाज तिला पाठ होता. पुढच्या खेपेला तो पडला तेव्हा ती नवऱ्याची वहाण घेऊन आली. माणसाला फेफरं आलं की नाकाला वहाण लावतात, तशी ती उंदराला हुंगवायची. वहाण त्याच्यापेक्षा चौपट मोठी. तिने ती पिंजऱ्याच्या दारातून घुसवायचा प्रयत्न केला, जमेना, मग वरून धरली. मग कांदा फोडला. उंदीर आपल्या वेळेने उठला, शिंकला, आणि कांद्याचा तुकडा खाऊ लागला. "पाह्यली का? उतरली ना वहाणेनं!" शेजारीण म्हणाली. मी तिला चहा दिला. खरं तर हसू दाबायला मला स्वयंपाकघरात जायचंच होतं.

मी माझे इलाज शोधले. झटका चालू असताना त्याला धरायचं नाही, धरलं की जास्त तडफडतो. पाण्याची वाटी आधी काढून घ्यायची, त्यात तोंड बुडलं तर जीव जायचा. पिंजऱ्यात धानाचं तणस आणि जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या घालायच्या, म्हणजे डोकं तारेवर आपटत नाही. वरून कापड टाकून अंधार करायचा. उठला की थोडा वेळ तो खुळ्यासारखा बघायचा, मला ओळखायचाही नाही. मग बोटावर गुळाचं पाणी घेऊन त्याच्या तोंडाशी धरायचं. ते चाटता चाटता त्याची नजर परत जागेवर यायची, आणि ती आली की मला इतकं बरं वाटायचं की सांगता येत नाही. आजारी जिवाची सेवा करण्यात कंटाळा असतो म्हणतात. मला तरी आला नाही. मला त्या घरात पहिल्यांदाच माझं स्वतःचं असं काम मिळालं होतं.

मामाजींचं मात्र मन मानेना. चौथ्यांदा तो पडला तेव्हा त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि बजावलं, "आता एकदा पडला तं त्याले पाळीवर नेऊन सोडतो. घरात नाही ठेवत. मले पाहवत नाही."

पाळीवर मुंगसं होती, घारी होत्या, घोरपडी होत्या. तिथे पांढरा उंदीर म्हणजे भर दुपारी वाढलेलं ताट.

मी मग डोकं लावायला लागले. कधी पडतो? सकाळी. पण रोज नाही. ज्या दिवशी मी पिंजरा माझ्यासोबत परसात घेऊन जायची, त्या दिवशी काही व्हायचं नाही. ज्या दिवशी कामाच्या घाईत तो माजघरातच राहायचा, त्या दिवशी पडायचा. आणि त्या वेळी माजघरात कोण असायचं? फक्त मामाजी. शिवाय पिंजरा साफ करताना दोनदा मला तणसात खोबऱ्याचे कण सापडले. मी तर खोबरं कधी घातलं नव्हतं.

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी काय समजायचं ते समजले. धानातले उंदीर मारायचं औषध घरात होतंच. ते खोबऱ्याला लावूनच ठेवायचे. बोलून दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून मी न बोलता भांडले. त्यांची भाकर थोडी कडक भाजायची. विचारलं तर तोडून उत्तर द्यायची. शनिवारी हे आले तेव्हा मी रडले आणि सगळं सांगितलं.

"बाबा असं नाही करणार," हे एवढंच म्हणाले.

"मग कोण करतंय?"

माझा संशय अजूनच घट्ट झाला. मी पिंजरा नजरेआड होऊ देईना. विहिरीवर गेले तरी पिंजरा बरोबर. बायका हसायच्या, "सून का दहेजात उंदीर आणली!" हसोत. पंधरा दिवस तो एकदाही पडला नाही, म्हणजे माझंच खरं, असं मी धरून चालले.

मग एकादशी आली. मामाजी पहाटेच धानाच्या बांधीवर, शेतात गेले होते, पाणी सोडायचं होतं. मी देवाची भांडी चिंचेने घासायला माजघरातच बसले. पिंजरा माझ्या शेजारी. समई घासली, ताम्हण घासलं, घंटी घासली. घंटीतलं पाणी झटकायला मी ती दोन-तीनदा जोरात हलवली. किणकिणली. उंदीर एकदम पिंजऱ्यात गोल गोल धावला, आणि पडला.

घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याने सकाळपासून माझ्याच हातचं खाल्लं होतं. मी ओली घंटी हातात धरून बसून राहिले. रोज सकाळी पूजेला मामाजी हीच घंटी वाजवायचे. त्यांची भली मोठी आरती, आणि घंटीही तशीच लांब चालायची. पिंजरा समोर तीन हातांवर.

म्हणजे औषध नव्हतं, काही नव्हतं. नुसती घंटी होती.

आता माझी पंचाईत झाली. न सांगावं तर रोज पिंजरा घेऊन गावभर हिंडायचं, आणि एक दिवस विसर पडला की पाळीवर. सांगावं तर मुळात तो परत पडला हे कबूल करावं लागणार, आणि वर सासऱ्यांना सांगायचं की तुमच्या देवाची घंटी थांबवा. यजमान म्हणाले असते, त्यापेक्षा इंजिनाला शिट्टी थांबवायला सांग. पण मी त्या बाबतीत वाईट आहे. पोटात काही राहत नाही. मामाजी दुपारी आले, हातपाय धुतले, आणि मी सगळं सांगून टाकलं. संशय सोडून सगळं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "उंदरापायी देवाची घंटी बंद करू?"

"खरं की खोटं ते तर बघा, मामाजी."

"आणि पडला तं?"

"तर तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला आजही कळत नाही.

दुसऱ्या सकाळी मी पिंजरा देव्हाऱ्यासमोर ठेवला. पाण्याची वाटी काढली, चिंध्या नीट केल्या आणि दाराशी उभी राहिले. मामाजींनी पूजा केली, निरांजन लावलं, घंटी उचलली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वाजवली. उंदीर गोल धावला आणि पडला. चारी पाय झटकायला लागला.

मी पुढे होणार तेवढ्यात मामाजींनी घंटी ताटात आडवी ठेवली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. त्याला धरलं नाही. नुसता तळहात त्याच्या डोक्याखाली सरकवला आणि दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा वर धरून अंधार केला. मी हे करताना त्यांनी पाहिलं असणार. कधी पाहिलं, मला पत्ता नव्हता.

झटका ओसरला. उंदीर खुळ्यासारखा बघत बसला. मग हुंगत हुंगत मामाजींच्या बोटांवर आला, बोटांवरून मनगटावर, आणि तिथे बाहीत तोंड खुपसून काहीतरी शोधू लागला. सवयीने शोधावं तसा.

मी बघतच राहिले. मामाजी जरा ओशाळले.

"खोबरं पाह्यते," ते म्हणाले. "नैवेद्यातलं देतो मी त्याले. पूजा झाली का. पहिले दिवशी भेव वाटला होता, मंग मीच म्हटलं, लेकाचा घाबरून पडते, खाऊ देऊन पाहू."



ते त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवत होते. त्यांच्या त्या बैलांच्या दोरांनी घट्टे पडलेल्या बोटाखाली तो सगळाच्या सगळा मावत होता. "याची काही चूक नाही, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "मीच रोज सकाळी त्याले तरास देऊन राह्यलो होतो. आणि वरून पाळीवर सोडतो म्हणत होतो."

त्या दिवसापासून आमच्या घरी पूजा घंटीवाचून झाली. गावात बोलणं झालं. शेजारणीने तर विचारलंच, "घंटी काऊन नाही वाजवत जी?" मामाजी म्हणाले, "देवाले ऐकू येते. कायले वाजवू?" तिथे विषय संपला. उंदीर त्यानंतर दीड वर्ष जगला. एवढ्या वेळात त्याला तीनदाच झटका आला, आणि तिन्ही वेळा दारात आलेल्या बांगडीवालीच्या काकणांच्या किणकिणाटापायी. शेवटी म्हातारपणाने, माझ्या मांडीवर झोपल्या झोपल्या गेला. त्या दीड वर्षात मामाजी दिवसाला दहाच्या जागी पंधरा-वीस वाक्यं बोलायला लागले. बरीचशी उंदराशी, पण उत्तरं मी द्यायची.

मी त्यांच्याबद्दल काय मनात आणलं होतं ते त्यांना कधीच सांगितलं नाही. यजमानांनीही नाही. नंतर पुष्कळ वर्षं मी त्यांना भाकर वाढली, मऊ भाजून, आणि प्रत्येक वेळी ओठांवर यायचं नि मी गिळायची. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नसते. दुसऱ्या दिवशी बोलले असते. तेवढं सोसलं असतं मी. सांगायला पाहिजे होतं.