दुसऱ्यांदा पुकारलेले नाव

प्रा. अंबादास निकाळजे सर या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘सरांचे संरक्षणविषयक चिंतन’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यावर मी लिहीनच. पण सरांबद्दलची एक गोष्ट गेली सोळा-सतरा वर्षे माझ्याजवळ आहे, ती टाळून लिहिले तर हा लेख खोटा होईल. संपादकांनी मला क्षमा करावी. नाही केली तरी मी ती गोष्ट सांगणारच आहे.

सरांची पहिली भेट झाली ती मी त्यांच्या देशात चपला घालून शिरले तेव्हा. एम. ए. ला संरक्षणशास्त्र घेतले होते. लग्नाला वर्ष झाले होते, आणि हा विषय बाईमाणसाला कशाला, असे सासर-माहेर दोन्हीकडून ऐकून घेऊन मी महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत पाऊल टाकले. आतून शांत आवाज आला, “चपला बाहेर. खाली देश आहे.” मी दचकून खाली पाहिले. अख्ख्या जमिनीवर कापडाचा नकाशा अंथरलेला होता. “आणि बाई, तुम्ही समुद्रात उभ्या आहात,” सर म्हणाले, “पोहता येतं का?”

तो नकाशा सरांनी स्वतः करवून घेतला होता. गुलमंडीच्या बाजारातून मांजरपाटाचे कापड आणले, औरंगपुऱ्यातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यावर डोंगर, खिंडी, नद्या, बंदरे रंगवून घेतली. उत्तरेच्या बर्फाचा भाग त्याने मुद्दामच कोरा सोडला होता. पांढऱ्यावर पांढरे कसे रंगवणार, असे त्याचे म्हणणे. त्या कोऱ्या कोपऱ्याकडे पाहताना मला पहिल्या दिवसापासून बरे वाटत नसे. तिथे पाय ठेवला की फरशी इतर ठिकाणांपेक्षा गार लागते, असे आम्ही मुली आपसांत म्हणत असू. सरांना सांगितले असते तर त्यांनी तापमापक आणायला लावला असता.

सरांचे वडील छावणीतल्या एका मेसमध्ये बावर्ची होते. त्यामुळे सरांनी लष्कर पाहिले ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या चिंतनाचे मूळ त्या खिडकीत आहे. वाढत्या देशाने रस्ते बांधावेत, जहाजे बांधावीत, शस्त्रांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे कमी करावे, हे ते ठामपणे सांगत. पण आपण सीमेपर्यंत नेलेला प्रत्येक रस्ता पलीकडचा माणूसही मोजत बसलेला असतो, आणि आपण ज्याला तयारी म्हणतो त्याला तो इरादा म्हणतो, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत. उत्तर आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाब आला तर राखीव फौज कुठे न्यायची, हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तर चटकन देणाऱ्या विद्यार्थ्यावर त्यांचा विश्वास नसे.

याच प्रश्नावर ते दरवर्षी हिवाळ्यात नकाशावरचा सराव घेत. कुणी उत्तरेचा शेजारी व्हायचे, कुणी पश्चिमेचा, कुणी आपले सरकार. त्यांची पद्धत अशी की, नकाशावर जितक्या चौक्या असतील तितकी खऱ्या माणसांची नावे विद्यार्थ्यांनी आणायची. गल्लीतला न्हावी, चहावाला, मावसभाऊ, कुणीही चालेल. नाव घेताना चेहरा दिसला पाहिजे. अट एकच, वर्दीतला माणूस नको. नाव चिठ्ठीवर लिहून चौकीवर ठेवायचे. सरावाच्या शेवटी सर हजेरी घेत. ते चौकीचा आकडा आणि नाव पुकारत, ज्याने नाव आणले तो त्या माणसाच्या वतीने ‘हजर’ म्हणे. सरावात पडलेल्या चौकीचेही नाव पुकारले जाई. तिथे कुणी बोलायचे नाही. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत सर थांबत, आणि मग चिठ्ठी पालथी घालत. हे सारे भर दुपारी चाले, पण उजेडाने नकाशाचे रंग उडतात म्हणून खिडक्या बंद, चिठ्ठ्या उडतात म्हणून पंखा बंद. त्या एका श्वासाएवढ्या शांततेत धट्टाकट्टा पोरगाही मान खाली घालत असे.

मी अट मोडली. त्या कोऱ्या कोपऱ्यातल्या सातव्या चौकीवर मी माझ्या सख्ख्या भावाचे, आनंद भालेरावचे नाव ठेवले. दादा फौजेत होता आणि तेव्हा खरोखरच उत्तरेच्या बर्फात होता. माझे आडनाव लग्नानंतर बदललेले, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. मला वाटले होते, दादाचे नाव समोर असले की माझ्या हातून चूक होणार नाही. शिवाय खरे सांगायचे तर, सराव संपल्यावर सगळ्यांना सांगून मिरवायचेही होते.

मला संरक्षणमंत्री केले होते. दोन्हीकडून दाब आला. राखीव फौज एकच. मी ती पश्चिमेला पाठवली आणि उत्तरेच्या एका चौकीबद्दल ऐटीत म्हणाले, “सात गेली तर जाऊ दे. सोसण्याजोगं नुकसान आहे.” ते नाव मी माझ्या हाताने लिहिले होते, आणि त्या क्षणी मला फक्त सात हा आकडा दिसत होता. याची लाज मला आजही वाटते.

हजेरी सुरू झाली. सहा नावांना उत्तरे आली. मग सर म्हणाले, “चौकी सात. आनंद भालेराव.” तेव्हा कुठे मला आकड्यामागचा चेहरा दिसला. सरांनी श्वास घेतला, सोडला, चिठ्ठीकडे हात नेला आणि मध्येच थांबले. त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग, आजवर कधीही केले नव्हते ते त्यांनी केले. तेच नाव दुसऱ्यांदा पुकारले.

“आनंद भालेराव.”

“हजर.”

आवाज नकाशाखालून आला. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाचा असावा तसा, दबका. खोलीत आम्ही चौदा विद्यार्थी होतो आणि चौदाही जणांनी तो ऐकला. आमच्यात इम्रान नावाचा एक पक्का नकलाकार होता. सगळे त्याच्याकडे वळले, तर त्याचाच चेहरा पांढराफटक पडलेला. “सर, कसम से, मी नाय,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या बाजूच्या भिंतीशी घडीच्या खुर्च्या आणि एक कुलूपबंद कपाट, दुसरे काही नव्हते.

सरांनी विचारले, “हे नाव कुणाचं?” मी रडतच सांगितले. ते रागावले नाहीत. “फोन लावा,” म्हणाले. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. उत्तरेत बर्फ कोसळला आहे, रस्ते आणि फोन बंद आहेत, एवढे बातम्यांतून कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्याबरोबर एस. टी. ने माझ्या माहेरी आले. आमच्या आईने बातमी ऐकली होती. तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि शेंगा सोलायला लागले. आई संकोचली. “सर, तुमी एवढे शिकलेले, अन् शेंगा सोलायले?”

“बावर्च्याचा पोरगा आहे मी, माय. द्या इकडं.”

अर्धी टोपली झाल्यावर आई म्हणाली, “माझं लेकरू लई लांब हाय हो, सर. हाक मारली तर जायची नाय तिथवर.” सरांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला ती खोली आठवून भर उन्हात शहारा आला. आवाजाबद्दल ते आईजवळ एक शब्दही बोलले नाहीत. टोपलीभर शेंगा मात्र संपवल्या.

दुपारी फोन वाजला. दादा रुग्णालयातून बोलत होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती, बाकी तो सुखरूप होता. आईने फोन कानाला लावला आणि नुसती “व्हय, व्हय” करत रडत राहिली.

पुढे सुट्टीवर आल्यावर त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत देते; मला तो ‘सुने’ अशी हाक मारतो. “सुने, मी खाली गाडलेला. वर हजेरी चाललेली समदी ऐकू यायली. माझं नाव आलं, मी हजर म्हणलो, पण तोंडात बर्फ. कुणाला ऐकूच गेलं नाय. म्हणलं, संपलं आता. तेवढ्यात सुभेदारसाहेबांनी परत पुकारलं. ते एकदाच पुकारतात, दुसऱ्यांदा कधी नाय. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. तवा त्यांनी उकरलं.”

मी संरक्षणशास्त्राची शिक्षिका आहे, मला पुरावा लागतो. मी दादाला वेळ विचारली. त्याचे घड्याळ फुटले होते. “तोच दिवस, दुपार होती, एवढं खरं,” तो म्हणाला. एवढ्या पुराव्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण करणार नाही. पण मग त्या खोलीत आम्ही काय ऐकले, याचे उत्तरही माझ्याजवळ नाही. सरांना मी एकदाच विचारले की, तुम्ही दुसऱ्यांदा का पुकारलेत? ते म्हणाले, “मला वाटलं, कोपऱ्यात कुणीतरी श्वास घेतला.” त्यानंतर हा विषय त्यांनी काढू दिला नाही.

त्या वर्षापासून सरांच्या सरावात प्रत्येक पडलेल्या चौकीचे नाव दोनदा पुकारले जाते. पुढे दिल्लीच्या एका बैठकीत त्यांनी मत मांडले की, कोणतेही ठाणे सोडायचे ठरले तर ठरवणाऱ्याने तिथल्या माणसांची नावे स्वतः वाचावीत, आणि मग तोच निर्णय पुन्हा एकदा घ्यावा. काही जण हसले म्हणे. मोठ्या होत चाललेल्या देशाला उंचावरून आकडेच दिसू लागतात आणि हा त्याच्या शेजाऱ्यांइतकाच मोठा धोका आहे, हे सरांचे सांगणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी ते ‘सात’ म्हणताना स्वतःच्या तोंडाने अनुभवले आहे.

निवृत्तीनंतरही हा सराव सरच घेत, पण गेल्या वर्षीपासून जिने चढवत नाहीत म्हणून त्यांनी हजेरीची वही माझ्या हाती दिली. दुसऱ्यांदा पुकारण्याआधी मी अजून त्या कोऱ्या कोपऱ्याकडे पाहते. उत्तर येईल याची भीती वाटते, आणि येणार नाही याचीही.

सर, सत्काराच्या दिवशी दादा येतो आहे. तुमच्या पाया पडायला येतोय असे तो सांगतो, आणि पाया पडलेले तुम्हाला खपत नाही म्हणून तुम्ही त्याला रागावणार हेही त्याला माहीत आहे. त्या दिवशी सभागृहात हजेरी मी घेणार आहे आणि पहिले नाव तुमचे असेल. तुम्हाला हल्ली जरा कमी ऐकू येते, तरी उत्तर खणखणीत यायला हवे. तुम्ही शंभरी गाठावी, गुडघे धड राहावेत, आणि दर हिवाळ्यात त्या नकाशाशेजारी खुर्ची टाकून बसून तुम्ही आमच्या चुका काढाव्यात, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे आहे. आणि पुढे कधीतरी, फार फार वर्षांनी, तुमच्या नावाला उत्तर आले नाही, तर चिठ्ठीला हात लावण्याआधी मी थांबेन, सर. दुसऱ्यांदा पुकारेन.