षष्ठीतली बायको

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला राहायला आलो. इमारत अर्धी रिकामी, पाणी टँकरचं. हे संरक्षण खात्यात अभियंता. आल्या-आल्याच यांचं ऑफिसला जाणं थांबलं आणि रशियन सुरू झालं. पगार चालू, काम मात्र दिवसभर वर्गात बसून भाषा शिकायची. सकाळी काशीमीऱ्याच्या नाक्यावरून खात्याची बस न्यायची.

"रशियनच का?" विचारलं की म्हणत, "खात्याची मर्जी."

यांना लांब कुठे पाठवलं तर या ओसाडीत मी एकटी कशी राहणार, ही माझी धास्ती. आज हे नाहीत, चांगलंच लिहावंसं वाटतं. पण त्या दिवसांत मला यांच्या एकाही वाक्याचा भरवसा वाटत नव्हता.

वर्गात रशियनखेरीज बोलायला बंदी. तीच सवय घरी आली. चहा विचारला की "न्येत", म्हणजे नाही. गॅलरीत मोजे वाळत घालताना पुटपुटणं चाले. मी दिसले की थांबे.

एकदा शेजारच्या गुजराती बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"भाभी, बुरा मत मानना. ये जेनी कौन है?"

"कौन जेनी?"

"भाईसाब रोज गॅलरी में बोलते हैं, जेनी, जेनी. उत्तन-डोंगरी साइड की कोई क्रिश्चन है क्या?"

मी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी पडद्यामागे उभी राहिले. "ऊ मेन्या न्येत झेनी." अडखळत, पुन्हा पुन्हा. न्येत मला कळत होतं. म्हणजे जेनी जवळ नाही. नाही म्हणून एवढा जीव तुटतोय?

मी बाहेर आले. "अहो, ही जेनी कोण?"

हे आधी गोंधळले, मग हसत सुटले. "अगं, तूच! झेना म्हणजे बायको."

"मग झेनी?"

"नाही म्हटलं की त्यांच्यात षष्ठी लागते. झेनाची झेनी होते."

"म्हणजे रोज सकाळी गॅलरीत उभं राहून सांगताय, मला बायको नाही?"

"धडाच आहे तसा. मला घर नाही, भाऊ नाही, बायको नाही. अख्खा वर्ग घोकतोय."

व्याकरण पटलं. हसूही आलं. तरी आत काहीतरी टोचत राहिलं.

"एवढी भाषा शिकवून खातं तुम्हाला मीरा रोडलाच ठेवणार आहे का?"

हातातला मोजा यांनी पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"ऑर्डर अजून आलेली नाही."

"आणि आली तर मी?"

"कुटुंब न्यायची परवानगी नाही."

"हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दा," हे म्हणाले. म्हणजे हो. सवयीने, की मराठीत म्हणवेना म्हणून, हा संशय माझा अजून फिटलेला नाही.