टीव्हीतलं गोल्फ आणि विहिरीवरचा पंप

पाट न बघता विहिरीवरचा पंप चालू करण्याचा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला, तोही टीव्हीतल्या गोल्फपायी. भुईगावात वाडीवाल्यांच्या घरी नांदलेल्या बाईने हे सांगणं म्हणजे अर्नाळ्याच्या कोळणीने पापलेट कुठून कापायचं ते विचारण्यासारखं आहे. आमच्याकडे शाळेत न जाणारं पोरही आधी पाणी कुठे वळवलंय ते बघतं, पाटाचं तोंड उघडं आहे की चिखलाने बुजवलंय ते बघतं, आणि मगच बटणाला हात लावतं. मी तेव्हा दोन पोरांची आई होते. अक्कल यायला तेवढं वय पुरतं असं मला वाटायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझा धाकटा दीर गल्फमध्ये नोकरीला. लग्न करून बायकोला आमच्यात ठेवून गेला होता, तो पहिल्या सुट्टीला आला. येताना साबण, अत्तर, ब्लँकेट, आणि एक काळा डबा घेऊन आला. डब्याची वायर टीव्हीला जोडली की पडद्यावर हिरवं कुरण दिसायचं, त्यात निळं तळं, पिवळ्या वाळूचे खड्डे आणि लांब एक झेंडा. झेंड्याखाली भोक. काठीने चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. आमच्यापैकी कुणीही खरं गोल्फ बघितलेलं नव्हतं. सासूबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, “एवढी मोकळी जमीन, आणि एक केळ लावली नाही कुणी?”

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथे सगळं शाळेच्या मराठीत लिहिते, नाहीतर माझ्या नातवंडांनाच कळायचं नाही.

तर त्या डब्यापेक्षा मला खुपायची ती त्याची मालकीण, माझी धाकटी जाऊ. तिचा दोष काय म्हणाल तर काही नाही. तोच तर त्रास होता. ती हसली की सगळे हसायचे. तिच्या हातची कोळंबी सासूबाई दुसऱ्यांदा मागून घ्यायच्या. माझ्या कोळंबीला “बरी झालीय” म्हणायच्या. अत्तराची एक बाटली तिने मलाही दिली होती. ती मी कपाटात कोंबून ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, “उरलेलं दिलंय.” बाटलीचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माझी नणंद. नणंद आणि मी, आमचं मेतकूट जुनं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकरात होती. तिचे केस मी विंचरले, तिच्या लग्नात तिच्या आईपेक्षा जास्त मी रडले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. त्या मुलीची धर्ममाता मीच होणार, बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन मीच देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाणार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. साडीसुद्धा ठरवली होती. फक्त नणंदेने मला विचारलेलं नव्हतं.

बाप्तिस्म्याचा रविवार जवळ आला तरी ती बोलेना. शेवटी मीच खडा टाकला, “फादरांना नाव कळवायला हवं ना गं?”

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग जावेकडे. जाऊ पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मेथी निवडत बसली होती.

“थोरल्या वहिनी, खरं सांगू?” नणंद म्हणाली. “एकीला घेतलं की दुसरी माझ्याशी अबोला धरणार. त्यापेक्षा तुम्ही दोघी ते गोल्फ खेळा. जिंकेल ती धर्ममाता.”

“काहीतरीच बोलतेस,” असं म्हणत मी हसले. पण निवडायची वेळ आली म्हणजे मी निवडलेली नव्हते. कालपर्यंत मी एकटी होते. आता दोघींपैकी एक झाले.

दिराला तर फारच मजा वाटली. त्या खेळात तीन चॅलेंज होती, ती त्याने समजावून दिली. पहिल्यात चेंडू तळ्यापलीकडे मारायचा, दुसऱ्यात वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढायचा, तिसऱ्यात झेंड्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा. बटण एकच. ते दाबलं की पडद्याच्या तळाशी एक पांढरी रेघ सरकायला लागायची, टोकापर्यंत जायची आणि परत यायची. परत येताना ती बरोब्बर खुणेवर असताना दुसऱ्यांदा दाबायचं. जरा आधी दाबलं तर चेंडू तळ्यात, जरा उशीर झाला तर झाडीत.

सामना शनिवारी दुपारी ठरला. मधल्या दिवसांत मी जो सराव केला त्याची आज लाज वाटते, पण हसूही येतं. पोरं शाळेत गेली की मी त्या डब्यासमोर फतकल मारून बसायची. चुलीवर आमटी उतू जायची. हात भाजल्यासारखी मी ते बटण दाबायची आणि चेंडू गपकन तळ्यात. एकदा तर मी त्या तळ्याला शिवी दिली आणि वर बघते तो भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. क्षमा मागितली आणि पुन्हा शिवी दिली, कारण चेंडू पुन्हा तळ्यातच गेला. पाळण्यात बाळ रडलं की मी ओरडायची, “अगं, बघा कुणीतरी त्या पोरीकडे!”

कुणीतरी म्हणजे कोण ते ठरलेलं. जाऊ यायची, दोरी अंगठ्याला अडकवायची, आणि पाय हलवत माझा खेळ बघत बसायची. कधी म्हणायची, “जाऊबाई, एक हात मी मारू?” मला नाही म्हणता यायचं नाही, डबा तिचाच होता. ती मारायची तेव्हाही पाय हालतच असायचा. आणि तिचा चेंडू तळ्यावरून असा अलगद जायचा की मला वाटायचं, ह्या काळ्या डब्यालासुद्धा ही आवडते.

त्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. विहिरीवरचा पंप चालू झाला की आमच्या घरातली वीज कमी पडायची. दिवे पिवळे व्हायचे आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आत ओढलं जायचं, बशीएवढं व्हायचं आणि थरथरायचं. त्यात ती रेघ कुठे आणि खूण कुठे, काही दिसायचं नाही. लक्षात आलं आणि मी गप्प बसले. पुढचं सांगायला नको.

शनिवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर जमले. फक्त सासूबाई मागच्या अंगणात होत्या. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या भाकऱ्यांसाठी तांदूळ धुऊन त्यांनी चटयांवर वाळत घातला होता, संध्याकाळी तो गिरणीत जायचा होता. कोंबड्यांना हाकायला त्या काठी घेऊन बसल्या होत्या.

तळ्याचं चॅलेंज जावेने जिंकलं. वाळूचं मी जिंकलं. कसं ते मलाच ठाऊक नाही, मी डोळे मिटले होते. तिसऱ्यासाठी आधी माझी पाळी. मी दाबलं, चेंडू वर गेला, टप्पे घेत घेत घरंगळला आणि झेंड्याच्या अगदी जवळ थांबला. पडद्यावर बोट आडवं धरलं तर मधे मावेल, एवढंच अंतर.

“आता हिला भोकातच घालावा लागेल,” दीर म्हणाला.

नणंदेने टाळ्या पिटल्या. माझ्यासाठी पिटल्या! आता एवढ्यावर शहाण्या बाईने देवावर सोडलं असतं. मी म्हटलं, “घशाला कोरड पडली बाई, पाणी पिऊन येते,” आणि स्वयंपाकघरातून मागे पंपाच्या खोलीत गेले. घरातून त्या खेळाचं टुणटुण ऐकू येत होतं. जावेची पाळी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी हिरवं बटण दाबलं.

पंप घुरघुरला. आतून ओरडा झाला, “चित्र गेलं! चित्र गेलं!” मला जो आनंद झाला तो लिहून दाखवता यायचा नाही. दोन्ही पोरांच्या वेळी झाला नव्हता. पदराने तोंड पुसत, जणू पाणी पिऊनच आले अशी मी आत शिरले, तर टीव्हीत जिंकल्याचा बँड वाजत होता. बशीएवढ्या थरथरत्या चित्रात झेंडा होता आणि चेंडू नव्हता. चेंडू भोकात गेला होता.

“न बघता मारलं हिने!” दीर नाचत होता. “कसं गं जमलं?”

जाऊ लाजून म्हणाली, “रेघ जाते आणि येते ना, ती ह्या पाळण्यासारखीच. पाळण्याच्या तालावरच मारते मी. बघायला कशाला लागतं?”

तेव्हा माझं लक्ष गेलं. दोरी अजून तिच्या अंगठ्यालाच होती. पाळणा हालत होता. बाळ झोपलं होतं. मी इतके दिवस त्या पोरीसाठी झगडत होते, पण त्या दिवसांत तिला एकदाही उचललं नव्हतं.

हे मनात उतरतंय न उतरतंय तोच मागून सासूबाई किंचाळल्या. पंप! तो बंद करायचा राहिलाच होता. आणि पाट? मोगऱ्याच्या वाफ्याकडचं तोंड सकाळीच चिखलाने बुजवलं होतं. कोंडलेलं पाणी काठ फोडून अंगणात शिरलं होतं. चटया उचलल्या गेल्या होत्या, बाप्तिस्म्याचा तांदूळ केळीच्या बुंध्यांकडे वाहत चालला होता, आणि मागून कोंबड्या पाण्यातून टणाटण उड्या मारत जात होत्या.

“कुणी चालू केला पंप?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाणी प्यायला मीच गेले होते.

“केळींना पाणी…” मी म्हटलं.

“सकाळी पाजलंय त्या केळींना,” सासूबाई कडाडल्या. “आता काय, दुपारचा चहा हवा होता त्यांना?”

दीर हसता हसता जमिनीवर बसला. नणंद हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बशीएवढ्या चित्राच्या टीव्हीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. लहानपणापासून मी विंचरलेलं डोकं ते. त्यात काय चाललंय ते मला न सांगता कळायचं. मी जाऊन पंप बंद केला, सूप घेतलं आणि चिखलात बसून तांदूळ गोळा करायला लागले. थोड्या वेळाने शेजारी दुसरं सूप आलं. जाऊ होती. चिखलातून निघाला तेवढा तांदूळ कोंबड्यांनाच घालावा लागला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भाकरीऐवजी बेकरीतला पाव खाल्ला, आणि का खाल्ला ते सासूबाईंनी प्रत्येक पंगतीला पहिल्यापासून सांगितलं.

पण ते नंतर. सकाळी देवळाकडे निघालो तेव्हा जाऊ पुढे होती, नव्या साडीत, हातांवर बाळ. मी मागून मेणबत्ती आणि दुपट्यांची पिशवी घेऊन चालले होते. तिच्या पाठीकडे बघून माझा जीव अजून जळत होता. रात्रभर झोपून काही तो विझला नव्हता. अत्तराचा वास मागे येत होता आणि मी तोंड वाकडं करत होते. देवळाच्या पायऱ्या आल्या तशी ती थांबली, वळली, माझ्या हातातली मेणबत्ती आणि पिशवी काढून घेतली, आणि ती मऊ, ऊबदार पोर माझ्या हातांवर ठेवली. मी बावचळून तिच्याकडे बघितलं.

ती म्हणाली, “आतपर्यंत तुम्हीच न्या हिला, जाऊबाई. तुमचे दोन्ही हात गुंतलेले असले की मला घोर नाही.”