क्लचवरचा पाय

आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलण्याच्या नावानं एक ‘हं’ उरला, आणि राग आला की गळ्यातला नुसता खरखराट. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर रेघा उमटायच्या. हा माणूस बावीस वर्षं सेलू-पाथरी रस्त्यावर जीप चालवत होता. वाटेतल्या प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी यांच्याशी बोललेलं होतं.

जीप विकून घेतलेली जुनी मोटार दारात उभी होती. आमचं घर देवगाव फाट्याजवळ, आणि यांना दवाखान्यातल्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा सेलूला न्यावं लागायचं. एसटीच्या पायऱ्या यांना चढता येईनात. म्हणून अंगणवाडीचं काम सांभाळून, सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आधी कधी शिकवा म्हटलं की हे म्हणायचे, “तुला कुठं जायचंय एकटीला?” आता मी चालवायची आणि हे माझ्या डाव्या हाताला बसायचे. मी क्लच दाबला की यांचा धडधाकट डावा पायही खालच्या मॅटवर दाबला जायचा. ते मला दिसायचं. मी रस्त्याकडे बघायची.

हिवाळ्यात गाडीला आवाज यायला लागला. क्लच दाबला की खालून घरघर, कोरडं जातं ओढल्यासारखी. पाय काढला की बंद. दोन दिवसांनी हे एकदम कमरेतून वळले आणि डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“काय झालं? थांबू का?”

यांनी मान हलवली. नाही.

“काच लावू? लघवीला जायचंय?”

नाही. पुन्हा चापट. मला काही कळेना. पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. मला वाटायचं, आजाराने माणूस हट्टी झालाय.

मग एक दिवस कापसाने भरलेला टेम्पो पुढे चालला होता आणि मी त्याच्या मागे मागे हळू चालले होते. यांनी इतक्या जोरात चापट मारली की माझा पाय क्लचवरून निसटला. गाडी धक्का खाऊन पुढे गेली. टेम्पोला लागता लागता राहिली. मी गाडी कडेला घेतली. 

“बसा की गप!” मी ओरडले. “तुमच्यानं आता गाडी होत न्हाई, मला तरी चालवू द्या!”

यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. त्या दिवसानंतर मला हात लावला नाही. आवाज वाढतच गेला. मी रेडिओ मोठा करायची. गाडी जुनी, कुरकुरणारच, असं स्वतःला सांगायची.

शेवटी सेलूत शिरताना एका सकाळी क्लचचं पॅडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गिअर पडेना. मागे हॉर्नची रांग. चार माणसांनी ढकलून गाडी बाजूला लावली. यांच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. तरुणपणी तो यांच्याकडेच जीप शिकला होता. अजून यांना उस्ताद म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षाने गॅरेजात गेलो. हे बाहेर बाकावर बसले. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. त्याने हातातलं क्लचचं बेअरिंग दाखवलं. जळून निळं-काळं पडलेलं, गोळ्या गळालेल्या.

“वैनी, गिअर टाकल्यावर तुमी पाय कुठं ठेवताव?”

“क्लचवरच. लगेच लागंल म्हणून.”

“हितंच गडबड झाली. पाय नुसता टेकला तरी हे फिरत राहतंय, घासत राहतंय.” त्याने बाहेर बाकाकडे बघितलं. “पण उस्ताद शेजारी असताना असं कसं झालं? आमाला तर ते गुडघ्यावर चापट मारायचे. तोंडानं सांगायचेच न्हाईत. चापट बसली की पाय उचलायचा.”

 माझा चेहरा बघून त्यालाही काय समजायचं ते समजलं असावं. तो बेअरिंग खाली ठेवून हात पुसत बसला.

बाहेर आले, यांच्या शेजारी बसले. “मला कळलं नाही हो,” म्हटलं. हे रस्त्याकडे बघत होते. तसंच “हं” म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ काय, ते मी आजवर स्वतःला विचारतेय.

नवीन बेअरिंग आणि क्लचप्लेट बसवून गाडी घरी आली. आवाज पार गेला. सोमवारी सेलूला निघताना मी नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडलं. यांनी काठी मागच्या दाराकडे केली.

“पुढं बसा ना,” मी म्हटलं. “मला सांगत जा. आता मला समजतंय.”

काठी तिथेच राहिली. मी मागचं दार उघडलं, यांना आत बसवलं, पाठीला उशी लावली.

त्याला आता दीड वर्ष झालं. अजून हे मागेच बसतात, खिडकीशी. माझ्या शेजारच्या सीटवर यांच्या औषधांची पिशवी असते. आरशात बघितलं तर यांचे पांढरे केस आणि एक कान तेवढा दिसतो.