वाचता येतं हो, भाऊ

माणसाची पारख त्याच्या संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवरून करणारा माणूस उभ्या पोलादपूर तालुक्यात एकच होता, आणि तो माझा साडू होता. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक पोथी धरतात. भाऊंनी लिनक्स धरलं. लेकीला महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या इंजिनिअरचं स्थळ आलं, तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत त्यांनी विचारलं, "सिस्टीम कुठली वापरता?" मुलगा म्हणाला, "कंपनी देईल ती." भाऊंनी बशी मागे घेतली नाही, एवढंच. लेक पुढे एकटीच जर्मनीला गेली, याचंही श्रेय ते त्या उत्तराला देत. एकदा एसटीने महाडला येऊन ते माझ्याही संगणकावर लिनक्स चढवून गेले. महिनाभर माझा प्रिंटर मुका झाला. त्यांच्या घरचा तर कायमचाच होता. मी ती सिस्टीम गुपचूप उतरवून घेतली.

मराठी रोमन अक्षरांत लिहिणं त्यांना सोसत नसे. "आईला कोट-पँट चढवल्यासारखं वाटतं," म्हणत. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, वारल्यावर ते दर रविवारी लेकीला लांबलचक मेल लिहीत, मलाही चार ओळी. पण त्यांचा फाँट लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातून आणलेला, जुन्या जमान्याचा. तो ज्या संगणकात नसेल तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा नुसता खच दिसे.

"वाचता येतं ना?" ते फोनवर विचारत.

"येतं हो, भाऊ."

नाही म्हटलं असतं, तर पुढच्या एसटीने ते सीडी घेऊन दारात उभे राहिले असते. लेकही तेच सांगे. बाबांचं लिहिणं थांबू नये म्हणून. आणि आमचं खोटं पचत गेलं, कारण पत्रातली गोष्ट फोनवर काढायची नाही असा भाऊंचा नियम होता. "दोनदा मागितलं की ती भीक होते," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

यंदा फाल्गुन लागता लागता भाऊ गेले. लेक आली. तिने त्यांचा संगणक उघडला, तर सगळी पत्रं स्वच्छ मराठीत समोर. ती पहिल्यांदाच वाचत होती.

"काका, तुम्हाला तरी वाचता येत होतं?"

"नाय गो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत एवढं एकच खरं बोललो.

दरवर्षीच्या माघातल्या एका पत्राच्या शेवटी तीच ओळ होती : "शिमग्याला पालखी आपल्या दारात येते. येशील का? नाय जमलं तरी राग नाय." सहा वर्षं. बाबा कधी बोलावत नाहीत, असं तिला वाटत होतं. लेकीने उत्तर टाळलं, असं त्यांना.

छापून घेऊ म्हटलं, तर प्रिंटर मुका. मग ती वही घेऊन बसली आणि एकेक पत्र हाताने उतरवू लागली.

चार दिवसांनी खालच्या आळीतून ढोल वाजत आला. ती उठून दारात उभी राहिली. सुतकाच्या घरी पालखी थांबत नाही. भोयांनी भाऊंच्या अंगणासमोर मान खाली घातली आणि पालखी पुढे नेली. ढोल ऐकू येईनासा होईपर्यंत ती तिथेच होती. मग आत आली आणि पुढचं पत्र उतरवायला घेतलं.